वाट तिचीही आहे



जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की आम्ही वाड्यांवर फिरून कोण शाळेत जाते आणि कोण जात नाही हे पाहतो. पनवेल तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर आठवी पास झालेली एक मुलगी घरीच दिसली. निकाल चांगला होता. गणवेश होता, वह्या होत्या, दप्तर खुंटीला टांगलेले होते. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "दादा, आता हिची शाला बस झाली. वाटेत पोरां बसतात."

वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत पाऊण तासाची पायवाट आहे. मधे ओढ्यावर मोरी आहे. त्या मोरीवर तीन-चार मुले मोटारसायकली लावून बसत. आधी शिट्टी, मग गाणे, मग नाव घेऊन हाक. एक दिवस एकाने ओढणी ओढली. मुलीने धीर करून घरी सांगितले. घरच्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिची शाळा बंद केली. मोरीवरच्या मुलांचे मात्र काहीच बंद झाले नाही. ती दुसऱ्या दिवशीही तिथेच बसली होती.

तुमच्या प्रार्थनेतून आणि देणग्यांतून दरवर्षी वाड्यांवर गणवेश, पुस्तके, दप्तरे पोहोचतात. त्याबद्दल आम्ही मनापासून ऋणी आहोत. पण खुंटीला टांगलेले ते दप्तर पाहिल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. दप्तर दिले, पण वाट दिली नाही, तर मुलगी शाळेत पोहोचणार कशी? म्हणून या अंकात वाटेविषयी आणि वाटेवर बसणाऱ्या मुलांविषयी लिहीत आहे.

वाडीवरच्या मुलीची वाट

शहरात सार्वजनिक जागा म्हटले की रेल्वे स्टेशन, बाग, बाजार डोळ्यांसमोर येतात. वाडीवरच्या मुलीसाठी सार्वजनिक जागा म्हणजे पायवाट, एसटीचा थांबा, माणसांनी खच्चून भरलेली मिनीडोर, पाण्याचा हापसा, आठवड्याचा बाजार आणि जिथे घरात शौचालय नाही किंवा आहे पण पाणी नाही, तिथे झाडीमागची जागा. यांपैकी कुठलीच जागा ती टाळू शकत नाही. पाणी आणलेच पाहिजे, शाळेत गेलेच पाहिजे.

आमच्या भागात मुख्यतः कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. कात पाडण्याचा मूळ धंदा गेल्यावर कातकऱ्यांच्या हातात मजुरीच उरली. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या काळात मुलगी एकतर आजीजवळ वाडीवर राहते, नाहीतर भट्टीवरच्या झोपडीत. दोन्हीकडे तिच्याकडे लक्ष द्यायला मोठे माणूस दिवसभर नसते.

त्यात आता पनवेल झपाट्याने वाढत आहे. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. टोलेजंग इमारती, गोदामे, रस्ते, विमानतळ यांच्या कामांसाठी दूरदूरची माणसे आली. काम वाढले ही चांगली गोष्ट आहे. पण जी वाट पूर्वी फक्त वाडीच्या पायांची होती, तिच्यावर आता अनोळखी गाड्या येतात. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर मजा करायला येणारी गर्दी वाडीच्या अंगणापर्यंत पोहोचते. दारू पिऊन केलेली शेरेबाजी, न विचारता काढलेले फोटो हे आमच्या मुलींच्या नेहमीच्या तक्रारीतले आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. "आदिवासींमध्ये असलेच चालायचे," असे कधीकधी मंडळीतही ऐकू येते. खरे उलट आहे. आदिवासी समाजात बाई रानात, बाजारात, नाचात मोकळेपणाने वावरत आली आहे. तिच्या या मोकळेपणाचा अर्थ बाहेरच्या माणसाने चुकीचा लावला. त्रास देणाऱ्यांमध्ये वाडीचे मुलगे नसतात असे मी म्हणणार नाही. असतात. पण वाडीवरची मुलगी सोपी, तिच्या बाजूने कोणी विचारायला येणार नाही, असे समजणारे बरेचजण बाहेरचे असतात.

किंमत मात्र तीच मोजते. शाळा सुटली की पंधरा-सोळाव्या वर्षी लग्नाची बोलणी सुरू होतात. "लग्न झाले म्हणजे आमची काळजी मिटली," असे आईबाप म्हणतात. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करणे कायद्याने गुन्हा आहे हे त्यांना माहीत असते. पण मोरीवरच्या मुलांची भीती कायद्यापेक्षा जवळची असते. मग अशक्त शरीरात लवकर आलेले बाळंतपण, हातात मजुरी आणि पुढच्या पिढीत तेच चक्र. एका शिट्टीची किंमत इतकी असते.

हे दुखणे जुने आहे

महाराष्ट्राला वाटेवरचा छळ नवीन नाही. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांवर रस्त्यात लोक चिखल, शेण, दगड फेकत. त्या पिशवीत दुसरे लुगडे घेऊन जात आणि शाळेत पोहोचल्यावर बदलत. आपल्या वाचकांना हेही आठवत असेल की सावित्रीबाईंच्या शिक्षिका होण्याच्या शिक्षणात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मिस फॅरर यांचा हात होता. सावित्रीबाईंचे धैर्य आपण दरवर्षी ३ जानेवारीला गौरवतो. पण त्या शेण फेकणाऱ्या हातांविषयी आपण फारसे बोलत नाही. त्या हातांना लहानपणी कोणी काय शिकवले होते?

दुसरी आठवण विदर्भातली आहे आणि ती थेट आदिवासी मुलीची आहे. २६ मार्च १९७२ रोजी, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात, मथुरा नावाच्या कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असावी, असा तो तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

कायदा बदलला, पण प्रश्न विचारायची आपली सवय बदलली नाही. आजही वाडीवर काही घडले की पहिला प्रश्न मुलीलाच असतो. तू त्या वाटेने का गेलीस? एकटी का गेलीस? ओरडली का नाहीस? भीतीने माणसाचा आवाज बसतो, पाय जागचे हलत नाहीत, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळते.

आधी वाट चालून पाहू

वाट सुरक्षित करायची म्हणजे नेमके काय करायचे? यासाठी एक साधी पद्धत आहे. १९८९ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो शहरात 'मेट्रॅक' या संस्थेने ती सुरू केली. पुढे दिल्लीत 'जागोरी' या संस्थेने ती वापरली. ज्या स्त्रिया आणि मुली ती जागा वापरतात त्यांनाच बरोबर घेऊन, ज्या वेळी त्या जातात त्याच वेळी, ती वाट चालायची आणि जिथे भीती वाटते तिथे थांबून का वाटते ते लिहायचे. आम्ही याला 'वाटफेरी' म्हणतो.

आमच्या वाटफेरीत सात-आठ मुली, दोन-तीन आया, आमची महिला कार्यकर्ती, जमल्यास अंगणवाडी सेविका किंवा आशाताई असतात. मी मागे राहतो, कारण मी पुढे असलो की मुली बोलत नाहीत. एक वही, एक बॅटरी. प्रश्न सोपे असतात. इथे उजेड आहे का? समोरून कोण येते ते किती लांबून दिसते? हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल? पळायचे झाले तर कोणत्या घरापर्यंत? एसटी चुकली तर पुढची कधी? इथे नेहमी कोण बसते?

उत्तरे ऐकून आम्ही थक्क झालो. मोठ्यांना वाटत होते की भीती जंगलातल्या भागात असेल. मुली म्हणाल्या, जंगलाची भीती नाही, दारूच्या गुत्त्याजवळच्या वळणाची आहे. आम्हाला वाटले दिव्याचा खांब हवा. खांब होता, त्यावरचा दिवा बंद होता. एका ठिकाणी वाढलेल्या झुडपांमुळे थांब्यावरचे माणूस रस्त्यावरून दिसत नव्हते. ती झुडपे वाडीच्या पुरुषांनी एका सकाळी कोयत्याने साफ केली. खर्च काही नाही.

कोणते काम कोणाकडे न्यायचे हे कळले की निम्मे काम होते. गावातला दिवा आणि पायवाट यांसाठी ग्रामपंचायत, महापालिकेच्या हद्दीत असेल तर महापालिकेचे प्रभाग कार्यालय, खांब आणि तारा यांसाठी महावितरण, एसटीच्या वेळेसाठी आगार प्रमुख, गुत्त्यासाठी पोलीस ठाणे आणि उत्पादन शुल्क विभाग. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथे हा विषय मांडून ठराव झाला की ग्रामपंचायतीला तो सहज बाजूला टाकता येत नाही. वाडीवरच्या बायका पहिल्या सभेत गप्प बसतात. तिसऱ्या सभेत बोलतात. आपण तोवर जात राहायचे.

दिवे आणि झुडपे हा उपायाचा निम्मा भाग झाला. लख्ख उजेडातही शिट्टी मारता येते. उरलेला निम्मा भाग मुलग्यांचा आहे.

मुलग्यांशी काय बोलायचे

मुलींना 'सांभाळून जा' हे सांगायला घरात, शाळेत, देवळात, चर्चमध्ये सगळे तयार असतात. मुलग्याला 'तू कसा वागतोस' हे विचारणारा कोणी नसतो. मोरीवरची ती मुले मुळात दुष्ट नव्हती. त्यांतल्या दोघांशी पुढे माझी ओळख झाली. "आम्ही फक्त मस्करी करायचो," हे त्यांचे उत्तर प्रामाणिक होते. सिनेमात नायक नायिकेच्या मागे लागतो, ती रागावते आणि शेवटी हसते. ही एकच शिकवण त्यांना मिळाली होती.

मुलग्यांच्या बैठकीत आम्ही सुरुवातीला उपदेश करत नाही. फळ्यावर मधोमध रेघ ओढतो. एका बाजूला मुलगे, दुसऱ्या बाजूला मुली. मग विचारतो, अंधार पडल्यावर एकटे घरी जायचे असेल तर तुम्ही काय काळजी घेता? एका वाडीवर मुलग्यांनी सांगितले: साप-विंचवासाठी बॅटरी, पायात चप्पल, हातात काठी. तीन ओळींत त्यांची बाजू संपली. मग मुलींची बाजू, त्यांच्या वेगळ्या बैठकीत लिहून घेतलेली, कोणाचेही नाव न घेता वाचली. मैत्रीण सोबत नसेल तर जात नाही. ओढणी घट्ट बांधते. खाली बघून चालते. फोन कानाला लावून बोलत असल्याचे नाटक करते. तहान लागली तरी पाणी पीत नाही, म्हणजे वाटेत लघवीला जावे लागत नाही. मिनीडोरमध्ये दप्तर छातीशी धरते. त्या वाटेने जायचेच टाळते. यादी फळ्याच्या खालपर्यंत गेली.

खोलीत शांतता झाली. मग मागच्या बाजूचा एक मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे आमची भीती सापाची आणि त्यांची आमची." मला त्या दिवशी वेगळे काही सांगावे लागले नाही.

अशा कामाचा महाराष्ट्रात चांगला अनुभव आहे. मुंबईच्या महापालिका शाळांमध्ये २००८ पासून 'जेम्स' नावाचा प्रकल्प झाला. 'आयसीआरडब्ल्यू', 'कोरो' आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून तो ४५ शाळांत केला. सहावी-सातवीच्या मुलामुलींशी वर्गात खेळ आणि गप्पांमधून स्त्री-पुरुष समानता, हिंसा, घरकाम, शरीर या विषयांवर बोलले गेले. सहावी-सातवीच का? कारण त्या वयात मते अजून घट्ट झालेली नसतात. मुंबईतच 'परिवर्तन' या उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांना तयार केले गेले. मुलगा आईबापाचे ऐकत नाही, शिक्षकाचे ऐकत नाही, पण प्रशिक्षकाचे ऐकतो. सरावाआधी दहा-पंधरा मिनिटे प्रशिक्षक मुलींशी बोलणे, राग, मैत्री यांविषयी बोलत. आपल्या वाड्यांवर आणि मंडळ्यांच्या तरुण संघांतही क्रिकेटचे सामने होतातच. टॉसच्या आधी दहा मिनिटे मिळणार नाहीत का? तसेच 'मावा' ही पुरुषांची संघटना १९९३ पासून पुरुषांनीच पुरुषांशी या विषयावर बोलावे म्हणून काम करते.

या अनुभवांतून आणि आमच्या चुकांतून काही गोष्टी शिकलो. पहिली: एका व्याख्यानाने काही होत नाही. त्याच मुलांना निदान सहा-सात वेळा भेटावे लागते. दुसरी: मुलग्यांना गुन्हेगार समजून बोलले की ते उठून जातात. तिसरी: त्यांच्या घरातला दिवस विचारावा. पहाटेपासून रात्रीपर्यंत तू काय करतोस, बहीण काय करते? पाणी कोण आणते, भांडी कोण घासते, तुझे कपडे कोण धुते? आदराची सुरुवात तिथून होते. जो मुलगा घरात बहिणीने वाढलेले ताट न उचलता उठतो, तो मोरीवर आदर कुठून आणणार?

चौथी गोष्ट जरा नाजूक आहे. "तुझ्या बहिणीशी कोणी असे वागले तर?" हा प्रश्न आपण सगळे विचारतो. मीही पूर्वी विचारत असे. मुलगे लगेच चिडतात आणि म्हणतात, "हात तोडीन." मग ते घरी जाऊन बहिणीलाच बाहेर जायला बंदी करतात, तिचा फोन तपासतात. म्हणजे आदर शिकवायला गेलो आणि पहारेकरी तयार केला. शिवाय जी कोणाचीच बहीण नाही, जी वेगळ्या जातीची, वेगळ्या वाडीची आहे, तिचे काय? आपली श्रद्धा यापेक्षा खोल उत्तर देते. पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देवाने स्त्री आणि पुरुष दोघांनाही आपल्या प्रतिरूपात निर्माण केले असे सांगितले आहे. ती कोणाची तरी बहीण आहे म्हणून आदरणीय नाही. ती माणूस आहे, देवाचे प्रतिरूप आहे, एवढे पुरे आहे.

तामारेची गोष्ट आपण का वाचत नाही?

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायावर मी फार क्वचित उपदेश ऐकला आहे. दावीद राजाची मुलगी तामार. सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर अत्याचार करतो. तिने स्पष्ट नकार दिला होता, विनवणी केली होती. त्या अध्यायातल्या इतर पुरुषांकडे पाहा. योनादाब हा मित्र अम्नोनाला युक्ती सुचवतो. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो आणि मनात सूड धरतो. बाप रागावतो, पण करत काहीच नाही. तामार मात्र भावाच्या घरात उद्ध्वस्त होऊन राहते. वाडीवर, गावात, आपल्या घरांत नेमके हेच घडते. चिथावणारा मित्र, तोंड बंद करणारा भाऊ, रागावून गप्प बसणारा बाप.

मी स्वतः यांतला योनादाब होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. कॉलेजात असताना एसटीच्या थांब्यावर माझे मित्र एका मुलीची टिंगल करत. मी एक शब्दही वाईट बोललो नाही. फक्त हसायचो. काही दिवसांनी ती त्या गाडीने यायची बंद झाली. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. पुढे ईश्वरविज्ञानाचा अभ्यास करताना हा अध्याय वाचला आणि तो थांबा आठवला. माझे हसणे त्या मित्रांसाठी टाळी होती. म्हणून आता मुलग्यांना सांगतो, तू शिट्टी मारत नाहीस एवढे पुरत नाही. हसू नकोस. "चल, बस झाले," एवढे म्हण आणि मित्राला तिथून घेऊन जा. त्याने तुझी मैत्री तुटणार नाही.

दुसरीकडे प्रभू येशूचे वागणे पाहा. भर दुपारी विहिरीवर एकट्या आलेल्या शोमरोनी स्त्रीशी तो बोलला. ती जागाही सार्वजनिकच होती. तिला तिथून घाई करून जावे लागले नाही. उलट ती गावात जाऊन सर्वांना सांगू लागली. त्याच्याजवळ ती सुरक्षित होती. मुलग्यांपुढे ठेवायला यापेक्षा चांगला आदर्श मला माहीत नाही.

काही घडलेच तर

मंडळीतल्या प्रत्येकाला एवढे माहीत असावे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ७५व्या कलमात लैंगिक छळ, ७८व्यात पाठलाग करणे आणि ७९व्यात स्त्रीच्या लज्जेचा अपमान करणारे शब्द किंवा हावभाव हे गुन्हे आहेत. मोबाइल, इंटरनेटवर स्त्रीवर नजर ठेवणे हाही पाठलागच आहे. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर २०१२ चा 'पोक्सो' कायदा लागतो. अश्लील शेरे, हावभाव आणि वारंवार मागे लागणे हेही त्यात येते. पीडित मुलगी अनुसूचित जमातीची आणि त्रास देणारा त्या वर्गांबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो आणि तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडे जातो. ही कलमे लावली आहेत का, हे विचारायला संकोच करू नये.

घटना कुठल्याही हद्दीत घडली तरी तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. 'पोक्सो'मध्ये मुलीचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलीचे नाव, फोटो, शाळा कुठेही उघड करायची नाही. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर प्रार्थना विनंती म्हणूनसुद्धा नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक वाडीवरच्या प्रत्येक मुलीला तोंडपाठ असावेत.

आणि हे विसरू नका: मुलावर अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा 'पोक्सो'खाली गुन्हा आहे. पाळक, शिक्षक, वसतिगृहप्रमुख यांनाही तो लागू आहे. पंचांनी दंड घेऊन मिटवणे, माफी मागून मिटवणे, लग्न लावून मिटवणे याला कायद्यात जागा नाही.

आपल्या अंगणापासून

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि संतापलेले लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्यानंतर शासनाने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि 'सखी सावित्री' समिती यांविषयी पुन्हा कडक सूचना दिल्या. तुमच्या मुलांच्या शाळेत ही समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे पालकसभेत विचारा.

पण आपण बोट फक्त बाहेर दाखवू शकत नाही. चर्चशी संबंधित वसतिगृहांतूनही अशा तक्रारी आल्या आहेत. वाचून मान खाली गेली. जिथे माणसे डोळे मिटून विश्वास ठेवतात, तिथे डोळे अधिक उघडे हवेत. रविवारच्या शाळेत, वसतिगृहात, शिबिरात एका मुलाबरोबर एकटाच मोठा माणूस बंद खोलीत असू नये. मुलांना न घाबरता सांगता येईल अशी एक तरी स्त्री नेमलेली असावी. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आणि तिच्यात बाहेरचा एक सदस्य असलाच पाहिजे, मग ती संस्था मिशनची का असेना. हे नियम कोणावर संशय म्हणून नाहीत. लहानांना अडखळण करणाऱ्याविषयी प्रभूने किती कठोर इशारा दिला आहे, ते आपल्याला ठाऊक आहे.

तुम्ही काय करू शकता

तुमच्या मंडळीच्या आसपासची एक वाट निवडा आणि महिला मंडळाबरोबर संध्याकाळी एकदा चालून पाहा. तरुण संघात मुलग्यांसाठी सहा बैठका ठेवा. आम्ही यायला तयार आहोत. घरात मुलग्याला ताट उचलायला आणि पाणी भरायला लावा. गाडीत, फलाटावर, बाजारात मुलीला कोणी त्रास देताना दिसले तर तोंड फिरवू नका. तिच्याजवळ जाऊन उभे राहा. भांडण करायलाच हवे असे नाही. पुष्कळदा तेवढ्यानेच त्रास देणारा निघून जातो.

त्या मुलीविषयी सांगून थांबतो. वाटफेरी झाली, गुत्त्याजवळचा दिवा लागला, तिच्यासह पाच मुली एकत्र जाऊ लागल्या आणि काही दिवस वाडीतल्या दोन आया त्यांना थांब्यापर्यंत सोडत होत्या. मोरीवरच्या मुलांपैकी एक जण आता आमच्या बैठकीला येतो. दुसरा अजून येत नाही आणि मोरीवर अजूनही कधीकधी कोणीतरी बसलेले असते. सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. पण दप्तर खुंटीवरून खाली उतरले आहे. ते पुन्हा तिथे टांगले जाऊ नये म्हणून प्रार्थना करा. वाटेवर एकट्या चालणाऱ्या मुलींसाठी करा आणि मोरीवर बसलेल्या मुलग्यांसाठीही, नाव घेऊन, तितक्याच कळकळीने करा.